साडीगार्ड कुठाय?

"बोलिव्हिया आलं! डावीकडे दरी आहे, दरी! वेग कमी कर!"

असं ओरडत एक सत्तरीचा माणूस माझ्या स्कूटीच्या मागे धावतोय. पायात रबरी चप्पल, हातात सायकलची घंटी. आणि डावीकडे दरीबिरी काही नाही, उघडं गटार आहे. गटाराच्या पलीकडे इस्त्रीवाला इस्त्री शर्टावर तशीच ठेवून आमच्याकडे बघत बसलाय आणि शर्टाचा जळका वास सुटलाय. आमच्या ठाकुर्लीच्या गल्लीत हे रोज संध्याकाळी चालायचं. पूर्ण दोन महिने.

ते धावणारे म्हणजे घाटकाका. खरं नाव तांबे, पण बिल्डिंगमध्ये त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतः पण वळून बघायचे नाहीत. घाटकाका का, तर त्यांना सगळीकडे घाट दिसायचा. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. जिना चढायला लागले की पहिल्या पायरीवर मोठ्याने बोलायचे, "चला, घाट लागला." मग प्रत्येक वळणावर, "एक वळण झालं. दोन झाली." आणि उतरताना खालून कुणी येत असलं, मग ते कचरा घेऊन जाणारं पोर का असेना, हे भिंतीला पाठ लावून उभे. "तू ये वरती. उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. घाटाचा नियम आहे. बोलिव्हियात पण हाच नियम." मी पहिल्या दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होती तेव्हा मला वाटलं, बोलिव्हिया म्हणजे यांचं गाव असेल. रत्नागिरीच्या तिकडे कुठेतरी.

मी आठवी शिकलेली. जगाचा नकाशा शाळेच्या भिंतीवर बघितलेला, तो पण लांबून.

काका ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, बसेसच्या ब्रेकचं काम. तिथे कधीतरी टायरवाल्याने कॅलेंडर दिलेलं, बारा महिन्यांचे बारा रस्ते, जगातले, आणि प्रत्येक रस्त्यावर एक मोटारसायकल. ते कॅलेंडर त्यांनी घरी आणलं आणि ते वर्ष संपलंच नाही. मी बघितलं तेव्हा कागद पिवळा पडलेला, तारखा कुठल्या जमान्यातल्या, पण एक तारखेला पान बदलायचे म्हणजे बदलायचेच. इटलीचा स्टेल्व्हिओ, अठ्ठेचाळीस वळणं. नॉर्वेचा समुद्रावरचा पूल, बघितला तर वाटतं पुढे तुटलाय आणि गाडी आभाळात जाणार. बोलिव्हियाचा मरणाचा रस्ता. ऑस्ट्रेलियाचा सरळसोट. आपला लेहचा पण होता. मोबाईल आल्यापासून तर ते सगळे रस्ते व्हिडिओत बघायचे, गॅलरीत बसून, आवाज फुल. समोरच्या बिल्डिंगला पण कळायचं की आज काका व्हिएतनामला गेलेत.

आणि व्हिडिओत मोटारसायकल दिसली की पुढे वाकून, चष्मा वर करून, मागच्या चाकाकडे बघायचे आणि विचारायचे, "साडीगार्ड कुठाय?"

साडीगार्ड म्हणजे ती लोखंडी जाळी हो, गाडीच्या डाव्या बाजूला असते ना, मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. नॉर्वेच्या बर्फात हेल्मेट-बिल्मेट घातलेला सहा फुटी गोरा माणूस एकटा चाललाय, आणि काका विचारतायत साडीगार्ड कुठाय. आमच्या मजल्यावरच्या प्रतीकने नवीन बाईक घेतली, मागची सीट शेपटीसारखी वर गेलेली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. काकांनी पेढा हातात धरून गाडीला एक चक्कर मारली.

"साडीगार्ड कुठाय?"

"काका, याला नसतं."

"मग बाई बसणार कशी?"

"काका, लग्न कुठे झालंय माझं?"

"होईल ना. तिला काय आधीच विचारणार आहेस, साडी नेसणार असशील तर नको म्हणून?"

पोरं हसायची. मी पण हसायची. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं असून काका स्वतः टू-व्हीलरवर बसायचे नाहीत. चालवायचं सोडा, कुणाच्या मागे पण नाही. डोंबिवलीला जायचं तरी चालत, नाहीतर रिक्षा. प्रतीक बोलला, "काका, स्टेशनपर्यंत सोडतो," तर बोलले, "साडीगार्ड बसव, मग बघू." मला वाटायचं, असतो एकेकाचा स्क्रू ढिला.

आता माझं सांगते. मी घाबरट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी किचनच्या बाहेर. बँकेत सही करायची तर हात असा थरथरतो की माझीच सही माझ्या सहीला जुळत नाही. आणि गाडी म्हणजे तर विचारूच नका. पण झालं काय, माझ्या स्वराचा नंबर कल्याणच्या शाळेत लागला. चांगली शाळा, लॉटरीत नाव आलेलं. पण शाळेची बस आमच्या गल्लीच्या बाजूला येत नव्हती, आणि आमच्या ह्यांचा टेम्पो पहाटेच भिवंडीला निघतो. ह्यांनी मित्राची जुनी स्कूटी आणून खाली उभी केली आणि मला सरळ सांगितलं.

"जूनपर्यंत शिकलीस तर पोरगी इथे. नाहीतर शहापूरला, आईकडे. तिथे शाळा घराला लागून आहे."

"अहो, सहा वर्षांची आहे ती."

"मग शिक ना."

वाईट नाहीत हे. पण बोलले ते बोलले. मी त्या रात्री स्वराचे कपडे कपाटात लावता लावता हुंदके देत होती, एवढे एवढेसे फ्रॉक, ते शहापूरला जाणार आणि माझ्याकडे नुसतं कपाट राहणार.

दुसऱ्या दिवशी मी पार्किंगमध्ये मधल्या स्टँडवर लावलेल्या स्कूटीवर बसलेली. चालू पण केली नव्हती. नुसती बसून रडत होती. स्वरा बाजूला बिस्कीट खात उभी. काका घाट उतरून खाली आले. माझं रडणं बघितलं नाही. वाकून मागचं चाक बघितलं.

"साडीगार्ड कुठाय?"

"तुटलंय, काका."

"हं. ओढणी पुढून घे, मागे गाठ मार. अजून एक मार. शेपूट राहिलंय, खोच ते." आणि मग जरा थांबून, "कुठे जायचंय तुला?"

मी बोलली, "शाळेत. पत्रीपुलावरून."

"म्हणजे नॉर्वे," ते बोलले. "होईल. आधी ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करू."

ऑस्ट्रेलिया म्हणजे आमचा नव्वद फुटी रोड. सरळ, रुंद. तिथे आठ दिवस. पाण्याच्या टाकीमागे तीन वळणं आहेत, ते स्टेल्व्हिओ. "तिथे अठ्ठेचाळीस आहेत, आपल्याकडे तीन. सोळा फेऱ्या मार." मारल्या, खरंच. खड्ड्यांची गल्ली ते बोलिव्हिया. काका मागे बसणार नाहीत, म्हणून घंटी. डेपोतली सवय. एक घंटा, थांब. दोन घंटा, जाऊ दे. ते मागून धावत वाजवणार आणि मी तसं करणार, कारण मला मागे वळून बघायची पण भीती वाटायची.

एकदा काय झालं, बोलिव्हियाच्या तोंडाशी कुल्फीवाला आला. त्याची पण घंटी. त्याने एकदा वाजवली, मी कचकन थांबली. त्याने दोनदा वाजवली, मी निघाली. त्याने परत एकदा, मी थांबली. मागे रिक्षावाले शिव्या घालतायत, काका धापा टाकत लांबून ओरडतायत, "ती माझी नाही! ती माझी घंटी नाही!" आणि कुल्फीवाल्याला वाटलं, ताईंना कुल्फी पाहिजे पण ठरत नाहीये. शेवटी घेतल्या आम्ही तीन कुल्फ्या. काकांनी त्यांची गटाराच्या कठड्यावर बसून खाल्ली. बोलले, "दरीच्या काठावर बसून खाल्लेलं गोडच लागतं."

हळूहळू मला यायला लागलं. म्हणजे मला कळलंच नाही कधी. मी घाबरतच होती, पण गाडी चालत होती.

मग बुद्धपौर्णिमा आली. काकांच्या घरची खीर बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे जाते. त्याच दिवशी ह्यांच्या चुलत बहिणीचं लग्न होतं कल्याणला. हे सकाळीच पुढे गेलेले. माझ्या डोक्यात आलं, आज गाडीनेच जायचं. स्वराला घेऊन, पत्रीपूल ओलांडून, हॉलच्या दारात जाऊन उभी राहीन, बघू काय बोलतात. लग्न म्हणजे साडी. नवीन, जरीची, चांगली निऱ्या-बिऱ्या काढून. पदर मी खोचलेला, पण जरीचा पदर तो, राहतोय कुठे. स्वराला मागे बसवली, गाडी चालू केली, गेटपर्यंत गेली पण.

आणि मागून घंटी नाही, भांडं पडल्याचा आवाज आला.

काका खिरीचं पातेलं जिन्यात टाकून धावत आले. माझ्या पुढ्यात येऊन हँडल धरलं आणि ओरडले. "उतर! खाली उतर आधी! साडी नेसून? साडीगार्ड नसताना साडी नेसून? अक्कल आहे का तुला?" सगळी बिल्डिंग गॅलरीत. स्वरा रडायला लागली. त्यांनी चावी काढून घेतली आणि वर निघून गेले. जिना चढले, पण घाट नाही, वळणं नाही, काहीच नाही.

मी रिक्षाने गेली. उशिरा. तोपर्यंत ह्यांना कुणीतरी फोन करून सगळं सांगितलेलं. जेवणाच्या पंगतीत हे हळूच बोलले, "राहू दे. नाही जमणार तुला. आईला सांगतो, रविवारी येऊन घेऊन जा." मी पुढची जिलेबी तशीच ठेवली.

संध्याकाळी मी काकांकडे गेली ती भांडायलाच. त्यांचं पातेलं आणि झाकण जिन्यातच पडून राहिलेलं, ते घासून घेतलं बरोबर, की बाबा तुमचं तुम्हाला आणि माझी चावी मला. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसलेले, मोबाईल बंद. मी काही बोलायच्या आत त्यांनी चावी टेबलावर ठेवली. माझा राग तिथेच अर्धा झाला. मी पातेलं ठेवायला किचनमध्ये गेली.

"झाकण त्या जाळीत ठेव," बाहेरून आवाज आला.

ओट्याच्या वर भिंतीला एक लोखंडी जाळी ठोकलेली. त्यात सगळ्या झाकण्या ओळीने उभ्या. मोठी, मधली, चहाच्या टोपाची. मी झाकण लावता लावता बघितलं. बाकदार सळ्या. दोन टोकांना नटची भोकं. अशा जाळीचं नाव मी दोन महिने रोज ऐकत होती.

"काका, हे..."

"साडीगार्ड," ते बोलले.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, कॅलेंडरकडे बघत. लग्न नवीन होतं तेव्हा मोटारसायकल घेतलेली. काकूंना माळशेजला न्यायचं होतं, मुरबाडवरून. डेपोतली पोरं चिडवायची, काय ही जाळी, म्हातारीची गाडी वाटते. "आदल्या दिवशी मी स्वतः काढली. दोन नट. ब्रेकचं काम करणारा माणूस मी. दुसऱ्यांच्या बसचा एक नट ढिला असला तर गाडी सोडायचो नाही." घाट लागायच्या आधीच पदर चाकात गेला. काकू वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं आणि एक पाय कायमचा आखूड झाला.

"गाडी विकली मी. जाळी भंगारात टाकणार होतो. तर ही लंगडत आली, माझ्या हातातून घेतली आणि किचनमध्ये लावून टाकली. बोलली, चांगली आहे की, झाकण्या राहतील. एवढंच. त्यानंतर कधी एक शब्द नाही. आयुष्यभर नाही. मी कॅलेंडर आणलं, म्हटलं, रिटायर झालो की तुला यातला एक तरी रस्ता दाखवतो, बघ, कुठला पाहिजे. तर ती प्रत्येक चित्र नीट बघायची आणि हसून विचारायची, साडीगार्ड कुठाय?"

मी किचनच्या दारातच खाली बसली.

"शेवटी ती पलंगावरच होती. मी मोबाईलवर लावायचो एकेक रस्ता. पुढे पुढे ती विचारायची बंद झाली. बघायची नुसती." काकांनी चष्मा काढून पुसला. "मग कुणीतरी विचारायला पाहिजे ना."

मी चावी घेऊन घरी आली. भांडायचं राहिलंच.

शनिवारी सकाळी खाली ठोकाठोकी ऐकू आली. गॅलरीतून बघितलं तर काका माझ्या स्कूटीजवळ जमिनीवर बसलेले, बरोबर ग्रिलवाला, त्याच्या हातात वेल्डिंगचं सामान. ती जाळी मोटारसायकलची, स्कूटीला काही केल्या बसेना. कापली, वाकवली, परत वाकवली, पट्टी जोडली. दुपारपर्यंत बसली एकदाची. सुंदर-बिंदर नाही दिसत, खरं सांगते. गाडीला फणी लावल्यासारखी दिसते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन वर गेली तर ओट्यावर सगळ्या झाकण्या एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि भिंतीवर जाळीच्या आकाराची जागा, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरी.

"काका, झाकण्या कुठे ठेवणार आता?"

"झाकण्यांना काय," ते बोलले, "त्या कुठेही राहतात. उद्या साडी नेस."

रविवारी मी साडी नेसली. तीच, जरीची. सासूबाई दुपारच्या गाडीने यायच्या होत्या. मी ह्यांना बोलली, "अहो, आधी बसा मागे. मग बोलवा आईंना." स्वरा पुढे उभी, हे मागे, दोन्ही हातांनी सीट गच्च धरून. नव्वद फुटी रोड झाला, टाकीची वळणं झाली. पत्रीपुलाचा चढ लागला. एका बाजूने डंपर, दुसऱ्या बाजूने रिक्षा, आणि पूल पुढे तुटल्यासारखाच दिसत होता, आईशप्पथ, कॅलेंडरमधल्यासारखा. मी थांबणारच होती. आणि पुलाच्या तोंडाशी फूटपाथवर, चालत आलेले, घामाने भिजलेले काका. घंटी वाजली. दोनदा.

मी गेली.

शाळेच्या गेटला हात लावून आम्ही परत आलो. येताना हे एवढंच बोलले, "मागे काय वाजतंय?"

"साडीगार्ड," मी सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी आईला फोन लावला. "राहू दे, नको येऊस. हिला येते गाडी."

आता आम्ही ठाण्याला, माजिवड्याला राहतो. ह्यांचं काम तिकडे आलं, स्वराची शाळा पण बदलली, ती आता पाचवीत आहे. इथे डोक्यावर पूल, पुलावर पूल, आणि मी सगळीकडे गाडी घालते. पण इथे मला कुणी सांगत नाही मी कुठल्या देशात आहे ते. कधीकधी मोठ्या सिग्नलला उभी असते तेव्हा मागून घंटी येईल असं वाटतं. स्पीडब्रेकरवरून गेली की जाळी वाजते, झाकण्या एकमेकींवर आपटतात ना, तशी. मेकॅनिक बोलतो, ताई, काढून टाका ही. मी गाडी बदलायला पण तयार नाही, तर जाळी कुठून काढणार.

बुद्धपौर्णिमेला मी दरवर्षी ठाकुर्लीला जाते, खीर खायला. यंदा गेली तेव्हा काका जिन्यात भेटले, उतरत होते. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. खूप बारीक झालेत. खीर खाऊन झाल्यावर मी निघाली तर खालपर्यंत सोडायला आले. नेहमीसारखे गाडीच्या डाव्या बाजूला वाकले. जाळीवर हात ठेवला, एकेक नट बोटाने हलवून बघितला.

माझ्या तोंडून निघून गेलं. "बसा ना काका. साडीगार्ड आहे."

मला वाटलं हसतील. नाही हसले. मग चप्पल नीट केली आणि बसले. आपण बायका बसतो ना, साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, तसे. एका हाताने जाळी धरली. गॅलरीत सगळे बघत होते, प्रतीक पण.

मी गेटच्या बाहेर गाडी काढली. अगदी हळू, चालण्यापेक्षा थोडी जास्त. टाकीची वळणं आली, मी वाट बघत होती, आता बोलतील, एक झालं, दोन झाली. काही नाही. स्पीडब्रेकरवर जाळी वाजली.

"कुठे जायचं, काका?" मी विचारलं.

मागे काका जरा हलले. मग खिशातून घंटी काढल्याचं कळलं मला. दोनदा वाजली.